मोरीतली ब्लँकेटं

दि. २३ ऑगस्ट

भाऊजी,

नमस्कार, मुलांना आशीर्वाद. धाकट्या जाऊबाईंची कंबर आता बरी असेल असं धरून चालते.

त्या सकाळी मी पिंप भरलं, डबे घासले, ह्यांच्या शर्टाला बटण लावून दिलं. दुपारी नाल्याचं पाणी घरात शिरलं. हे शेजारच्या शिवणकामवाल्या आजींना काढायला गेले. आजी निघाल्या, हे पाण्यातच राहिले. तीन वर्षं झाली. तुम्हाला काय नव्याने सांगायचं? पण पत्र लिहायला बसलं की हात आधी तिथेच जातो.

यंदाची बातमी चांगली आहे. गुरुवारी पाऊस तेवढाच पडला, नाला तेवढाच भरला, आणि खालच्या आळीत एकाही घराचा उंबरा भिजला नाही. रस्त्याखालच्या मोरीतून पाणी सरळ पलीकडे गेलं. आम्ही बायका रस्त्यावर उभ्या राहून ते बघत होतो.

हे आपोआप झालं नाही. उन्हाळ्यात मी तहसील कचेरीत गेले होते. पूरमदतीचं तिथलं माहितीपुस्तक मी आधीच दोनदा वाचलं होतं. तुम्ही हसाल, पण हाताला लागेल ते वाचायची सवय आता सुटायची नाही. मोरी साफ करून द्या, म्हटलं. कारकून भला माणूस, त्याने बसायला खुर्ची दिली. म्हणाला, "मावशी, नुकसान झालं की या, लगेच पंचनामा करतो. आधीच्या कामाला आमच्याकडे फॉर्मच नाही."

"म्हणजे घर पडलं की यायचं?"

तो बिचारा कागद सारखे करत बसला.

मग आम्हीच उतरलो. नळदुरुस्तीवाल्याने लोखंडी आकडे दिले, चार रविवार गेले. गाळ निघेल असं वाटलं होतं. निघाली ब्लँकेटं. हे गेले त्याच्याही आधीच्या पुरानंतर मदतीच्या ट्रकमधून घरटी दोन मिळाली होती ना, ती करडी, विरविरीत. एकदा भिजली की वास जात नसे, म्हणून ज्याने त्याने नाल्यात टाकली होती. ती मोरीत जाऊन एकमेकांत अशी गुंतली होती की दोरखंडच. नळवाला म्हणाला, एवढ्या ब्लँकेटांत अख्खी वस्ती झोपली असती. कुणीच हसलं नाही. जी ती आपलं ब्लँकेट ओळखत होती आणि ओळख दाखवत नव्हती.

त्या सकाळचं एक काम वर लिहायचं मी टाळलं. बटण लावून झाल्यावर मी आमची दोन्ही ब्लँकेटं नाल्यात टाकून आले होते. घरात वास नको म्हणून. त्यांच्या कडेला मीच निळ्या दोऱ्याने टाके घातले होते. तिसऱ्या रविवारी ती दोन्ही माझ्याच आकड्याला लागली.

एकट्या माझ्या दोन ब्लँकेटांनी पाणी तुंबलं असं नाही, हे कळतं मला. आम्हाला मदत म्हणून मिळालं तेच आमच्या वाटेत आलं, आणि ते वेळेत काढणं कुणाचंच काम नव्हतं. पण अंत्यविधीनंतर तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "ह्या म्हातारीपायी माझा भाऊ गेला." तेव्हापासून तुम्ही इकडे फिरकला नाहीत, आणि आजींनी माझ्या नजरेला नजर दिली नाही. पाणी का तुंबलं याचा संशय मला तेव्हाही होता. तरी मी तुम्हाला अडवलं नाही. दोष दुसऱ्याच्या दारात पडला की आपलं दार झाडावं लागत नाही, एवढंच.

रागवायचं तर माझ्यावर रागवा. पण एकदा या, आणि आजींशी चार शब्द बोला. त्या थकल्या आहेत.

गुरुवारी पाणी ओसरल्यावर आजी माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तुझा दीर बोलला ते खोटं नव्हतं गं. मला सोडून द्यायला हवं होतं त्यांनी." तेव्हाही माझ्या तोंडून एवढंच निघालं, की चला आत, चहा टाकते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले, त्यांच्या मशीनसमोर खाली बसले आणि त्यांना सगळं सांगितलं.

तुमची,
वहिनी