दाढीवाल्या फुलाची फिर्याद

सोलापूर,
फाल्गुन वद्य चतुर्थी, शके १८५५

तीर्थरूप कोंडीबा दाजी यांचे सेवेशी,

सिद्धनाथाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (मी रागात आहे, पण नमस्कार तेवढा खरा आहे; आई मागं उभी राहून तो लिहिला की नाही हे बघून गेली.) इकडील सर्वांची प्रकृती ठीक, एक माझी सोडून. बजाअक्का बाळंतपणातून उठून हिंडूफिरू लागली आहे. आपलं बाळ गुटगुटीत आहे आणि त्याच्या पोटावर आता काहीही नाही. (आधी काही होतं काय, असं आपल्या मनात येईल. ते खाली जागेवर येईल, घाई करू नये.) महाबळेश्वरची थंडी आपल्या गुडघ्यांना सोसते का, शेटजींच्या बंगल्यातली बाग कशी आहे, ते कळवावं. बागेचं नाही कळवलंत तरी चालेल. त्या बागेनंच माझा घात केला आहे.

दाजी, पुण्याच्या फुलांच्या प्रदर्शनात मथुरेनं त्या जांभळ्या फुलाच्या पिवळ्या दाढीवरून बोट फिरवलं, त्या घटकेपासून मी कामातून गेलो. आपण साक्षीदार आहात. शेटजींची फुलं घेऊन टेबलामागं तुम्हीच उभे होतात. मथुरा, आमच्याच आळीतल्या, गिरणीत जॉबर असलेल्या कुंडलिकरावांची थोरली, तेव्हा पुण्यात मामाकडं राहून शिवणकाम शिकत होती. आणि मी गावचा मुलगा आणि कॉलेजातला, म्हणून तिच्या मामानं आम्हाला बरोबर नेलं होतं. ती वाकली, बोट फिरवलं, आणि म्हणाली, "अगं बया, ह्याला दाढी हाय की! असलं आपल्या सोलापुरात न्हाई उगवायचं." सगळ्या जगाला ऐकू आलं त्याप्रमाणे तिनं एवढंच म्हटलं. पण मला ऐकू आलं ते असं, की उगवून दाखव, मग बघू. आता कोणी म्हणेल, हे तुझं तू ऐकलंस. पण वीस वर्षांच्या माणसानं दुसरं काय ऐकायचं?

मी घरी येऊन बिरोबापुढं भंडारा उचलून शपथ घेतली, की सोलापूरच्या मातीत हे फूल फुलल्याशिवाय गालाला वस्तरा लावणार नाही. (फुलाला दाढी, म्हणून मलाही दाढी. तेव्हा हे मला फार खोल वाटलं होतं.) पुढं भाद्रपदात तुम्ही पाठवलेले त्या फुलाचे गड्डे आले, आणि गड्डे सुट्टीची वाट बघत नाहीत. मी प्रिन्सिपॉलसाहेबांकडं रजा मागितली. ते म्हणाले, घरी कोण वारलं? मी म्हटलं, कोणी नाही, लावणी आहे. ते म्हणाले, जमीन किती? मी म्हटलं, मोरीशेजारचा तुकडा. त्यावर ते हसले. दाजी, माझा स्वभाव आपण जाणता. हसण्यावर मी जे बोललो ते पत्रात लिहिण्याजोगं नाही, पण त्या बोलण्यानंतर कॉलेजात परत जाण्याजोगंही काही उरलं नाही. अशा रीतीनं इंटरच्या वर्गातून मी थेट मोरीशेजारी आलो.

तुमच्या सांगण्यात मी केसाएवढाही फरक केला नाही. गड्ड्याची पाठ मातीवर उघडी ठेवली, उन्हाकडं तोंड केलं, पाणी बेतानं. माझी चूक काढून दाखवावी. पण आमच्या घरात कोणाला उघडं पडलेलं बघवत नाही. शेजारपाजारच्या बायका येऊन बघत आणि चुकचुकत, "मुळी वर आलीया, मरतंय आता." आई तुळशीला पाणी घालता घालता उरलेला तांब्या तिथं ओतायची. विचारलं तर म्हणायची, "तहानलंय बिचारं." मी ओरडलो, आदळआपट केली, तुळशीपासून तिकडं जायच्या वाटेवर काट्या लावल्या. मग ती मी आंघोळीला गेलो की ओतायची.

तरीही त्यांनी हिरव्या पात्या काढल्या, तलवारीसारख्या सरळ. मी रोज त्यांच्यापुढं बसायचो. दाढी एव्हाना छातीकडं निघालेली. त्यामुळं रस्त्यानं जाणाऱ्या एका म्हातारीनं मला अक्कलकोटच्या मठातून आलेला समजून पायांवर डोकं ठेवलं आणि पोटुशी सुनेला काय होईल म्हणून विचारलं. मी संतापून म्हणालो, मला काय विचारता, मलाच अजून पान फुटतंय. ती "मुलगाच सांगितला" म्हणून आनंदानं गेली. (झालाही मुलगा. तिनं नारळ पाठवला. तेवढा एकच फायदा या सबंध प्रकरणात झाला.)

आता आमच्या आप्पांचं. आप्पा घोंगड्यांचे व्यापारी झाले, गादीवर बसतात, पण आतून ते अजून मेंढरांमागं काठी घेऊन चाललेले आहेत. कॉलेज सोडल्यावर महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस त्यांना माझी दया आली, आणि दाजी, त्यांचा राग मी सोसला होता, दया सोसली नाही. तिप्पण्णाकाकांचा कळप दक्षिणेकडून चरत चरत सोलापुरावरून चालला होता. आपल्याला ठाऊक आहे, शेतकरी हातापाया पडून आपली मेंढरं रानात बसवून घेतात, एका रात्रीच्या लेंड्यांनी रान दोन सालं पिकतं. आप्पांनी भावाला सांगितलं, पोराच्या बागेत बसव. मी सकाळी उठून परसात गेलो तर परस नव्हतं. नुसती लोकर होती. माझ्या गड्ड्यांवर अख्खा कळप रवंथ करत बसला होता, आणि आप्पा चौकटीत उभे, लग्न लावून दिल्यासारखा चेहरा करून. म्हणाले, "सिदू, खत दिलं बघ तुज्या बागंला. असं खत कलेक्टरला बी मिळत न्हाई. आता काय उगवायचं ते उगवू दे." माझ्या बापानं मला आयुष्यात दिलेली ती सर्वांत मोठी भेट होती.

चार दिवसांत गड्डे उकडलेल्या रताळ्यासारखे मऊ झाले आणि तसला वास सुटला की आईनं नाकाला पदर लावून हिंडावं. एक गोष्ट मात्र खरी, एकाही मेंढरानं पात्याला तोंड लावलं नव्हतं. आई म्हणाली, "मेंढरू खात न्हाई, शेरडू खात न्हाई, असलं कसलं रं झाड लावलंस? कुपाटीला तरी घालायचं." आमच्याकडं झाडाची परीक्षा एवढीच. देवानं जग शेरडांसाठी केलं, त्यातून उरेल त्याचं कुंपण.

त्या चिखलातून दोन गड्डे मला धड मिळाले. कुजका भाग कापून, राख लावून, जखमा सुकायला ते देवळीत ठेवले. आता बाळाच्या पोटाकडं येतो. आपण बसून वाचावं. बाळाचं पोट दुखायला लागलं, रडून रडून निळं झालं, आणि आमच्या गोजाआत्यानं देवळीत हात घातला. सुकलेली, गाठीगाठींची, राख लागलेली मुळी. आत्या सत्तर वर्षं वेखंड उगाळत आली आहे, तिनं तेही सहाणेवर उगाळलं आणि बाळाच्या पोटाला लेप दिला. उगाळता उगाळता म्हणालीसुद्धा, "ह्या खेपंचं वेखंड कडक न्हाई निगालं." कडक नाही म्हणून तिनं दुसरंही उगाळलं. थोड्याच वेळात बाळाच्या पोटावर लाल चट्टे उठले आणि त्यानं असा काही टाहो फोडला की पोटदुखी कशाला म्हणतात ते त्यालाही तेव्हाच कळलं असेल. खोबरेल लावून संध्याकाळी चट्टे गेले. पोटदुखीही गेली, त्यामुळं आत्याचा त्या मुळीवर विश्वास बसला आहे आणि आणखी मागवून ठेव म्हणते. अक्का मात्र मला बोलली ती बोललीच. लेप आत्यानं दिला आणि शिव्या मला! या घरात जो दाढी वाढवतो तोच गुन्हेगार.

त्याच सुमारास आई कुंडलिकरावांकडं मथुरेची गोष्ट काढायला गेली होती. (मी पाठवलं नव्हतं. मी फक्त दोन दिवस जेवलो नव्हतो.) कुंडलिकराव म्हणाले, "वैनी, मनात व्हतं की. पोरगं कालेजात व्हतं तवर मनात व्हतं. आता ते दाढी वाढवून मोरीम्होरं बसतंय. पोरगी कुनाला द्यायची, बैराग्याला?" दाजी, वाचलंत ना? जोवर कॉलेजात होतो तोवर मथुरा माझीच होती, मला नुसतं बाकावर बसून राहायचं होतं. तिला मिळवायला म्हणून मी उठलो, आणि उठलो म्हणून ती गेली. तिला अक्कलकोटचा मुलगा बघितला. तुळतुळीत गालांचा. यंदा इंटर पास झालेला.

मी बाग सोडून दिली. पाणी नाही, खत नाही, बघणं नाही. आणि धुळवडीला होळीची राख उचलायला मागं गेलो तर भिंतीच्या कडेला, मोरीच्या दुरुस्तीतून उरलेल्या मुरमाच्या ढिगावर, एक दांडा उभा. कळपातल्या कुठल्या तरी मेंढीच्या लाथेनं एक गड्डा तिकडं उडाला असावा. भर उन्हात, मुरमावर, पाठ उघडी टाकून, कोणाचीही दया न लागता तो जगला होता. टोकाला कळी, मिटलेल्या छत्रीसारखी पिळदार, शाईच्या रंगाची. मला राग आला की रडू आलं ते सांगता येत नाही. दोन्ही एकदमच आलं.

परवा सकाळी ती उमलली. तुमच्या टेबलावर बाटलीत बघणं वेगळं आणि आपल्या मुरमात बघणं वेगळं. तीन पाकळ्या वर, ओंजळ मिटावी तशा. तीन खाली सुटलेल्या, मखमलीच्या, आणि त्यांच्या मधोमध ती पिवळी दाढी, हळदीत बोट बुडवून ओढल्यासारखी. जवळ गेलो तर पिकल्या द्राक्षांचा वास. ऊन पाकळीतून आरपार येत होतं आणि खाली मुरमावर जांभळी सावली पडली होती. दाजी, सावलीलाही रंग होता. त्या वेळी मला मथुरेचीसुद्धा आठवण झाली नाही. (पुढच्याच क्षणी झाली. कारण वाजंत्री वाजू लागली. त्या दिवशी तिचं लग्न होतं.)

मी ठरवलं, लग्न होतंय तर होऊ दे, पण हे फूल तिला दाखवायचं. उगवलं, एवढंच सांगायचं आणि निघायचं. पण नवस फिटला होता, दाढीसकट मांडवात जाणं बरं नव्हे, म्हणून येडू न्हाव्याकडं धावलो. येडूनं माझा डावा गाल साफ केला ("मालक, हितं खाली गाल हाय व्हय अजून?" म्हणाला) आणि वस्तरा उजवीकडं आणतोय तोच समोरून आप्पा चालले. लग्नाला. नवा फेटा, आणि फेट्यात तुऱ्याच्या जागी माझं फूल! मोरीवर चूळ भरायला गेले, दिसलं, खुडलं. पोराच्या हाताचं फूल म्हणून अभिमानानं खोचलं.

मी तसाच उठून मांडवात गेलो. मुंडावळ्या बांधलेली मथुरा आप्पांच्या पाया पडायला वाकली होती आणि वर बघून म्हणत होती, "मामा, फूल झकास हाय की वो! ह्याला दाढी कशी?" मी पुढं होऊन म्हणालो, पुण्यात पाहिलं होतंस तेच हे. ती जरा आठवून म्हणाली, "पुन्याला फुलं बघाया गेलतो व्हय आपन? मला त्या दिशी ऊन लागलंवतं, त्येवडंच ध्यानात हाय." मग माझ्याकडं नीट बघितलं, आधी साफ गालाकडं, मग दाढीच्या गालाकडं, आणि अगदी मनापासून, काळजीनं विचारलं, "तुमी कालेज सोडलं म्हनं. का वो?"

मी जेवायला थांबलो नाही.

तात्पर्य, असली झाडं पुन्हा या घरी पाठवू नयेत. मला फुलांचा, बागांचा आणि मंगलकार्यांचा वीट आला आहे. आप्पांनी सकाळी सांगितलं, गादीवर येऊन घोंगडी मोज, नाहीतर तुझी वाट तू बघ. लोभ असावा.

आपला,
सिद्धनाथ धुळाप्पा

ता. क. शेटजींच्या बागेत हाताखाली माणूस हवा आहे, असं आपण गेल्या पत्रात लिहिलं होतंत. माणूस मिळाला नसेल तर मिळाला असं समजावं. मला पाठ उघडी ठेवून लावता येतं, आणि दया येत नाही.

ता. क. दुसरं. एकदा फुललेला गड्डा पुन्हा फुलत नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात. त्याच्या बगलेतले कोंब पुढं फुलतात. आज सकाळी बघितलं. दोन आहेत. एक कापून रुमालात घेतला आहे, राख लावून. दुसरा मुरमावरच ठेवला. आईला बजावलं, पाणी घालायचं नाही. ती म्हणाली, "कोन घालतंय?" आणि तांब्या पदराखाली धरला.

ता. क. तिसरं. हे उंबऱ्यावर बसून पेन्सिलीनं लिहितो आहे. हे पत्र आणि मी एकाच गाडीनं निघतो; ते आधी पोचलं तर शेटजींचा कुत्रा बांधून ठेवावा. अर्धी दाढी असलेला तो मीच. उरलेली अर्धी राहू दिली आहे, कारण सोलापुरात फूल फुललेलं मी पाहिलं, पण जिच्यासाठी भंडारा उचलला तिनं पाहिलं असं मला धरवत नाही. आप्पा ओसरीवर झोपले आहेत. फूल सुकून शाईच्या डागासारखं झालं, तरी फेट्यातच आहे, काढू देत नाहीत. मी हाक मारली नाही. आता उठतो, आणि त्यांची झोप मोडू नये अशा बेतानं बाहेरून दार ओढून घेतो.