मऊ ठोका

अप्पा, काल पलीकडच्या कारखान्यातले काका घरी आले होते. तुम्ही गेल्यापासून त्यांनी आपल्या दारात पाऊल टाकलं नव्हतं, आणि मला त्याचं कधी वाईटही वाटलं नव्हतं. तुमचं जे जे नवं लोकांना दिसलं ते आठ दिवसांच्या आत त्यांच्या मागांवर बसलेलं मी लहानपणापासून बघत आलेय. काकांनी चहा घेतला, तुमच्या फोटोकडे बघून हात जोडले आणि मग हळूच विषय काढला. मागावर खडाखडा धावणाऱ्या धोट्याचा ठोका मऊ करणारी ती तुमची शेवटची जोडणी कुठं आहे, तिचं चित्र तरी घरात आहे का, असं विचारत होते. ते गेल्यापासून माझ्या डोक्यात तुमच्याशी भांडण चाललंय, आणि भांडायला समोर तुम्ही नाही, म्हणून लिहितेय.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आपले सहाच माग. मी नववीत असेन. धोट्यातल्या कांडीवरचं सूत संपलं तरी माग तसाच धावायचा, चादरीत पातळ पट्टा पडायचा आणि ती चादर दुय्यम मालात जायची. तुम्ही सायकलच्या ब्रेकची वायर, एक स्प्रिंग आणि पत्र्याचा तुकडा घेऊन दोन महिने त्या मागाशी झटत होतात. शेवटी खटका जमला. सूत संपत आलं की माग आपोआप थांबायचा. मोठ्या गिरण्यांच्या महागड्या यंत्रांवर असलं काहीतरी असतं हे तुम्हाला ऐकून माहीत होतं, पण आपल्या जुन्या मागाला बसेल असं कुणी केलं नव्हतं. आईनं खटक्यांना कापडी खोळी शिवल्या, कारण गल्लीत डोळे फार. तीन महिने गुपित राहिलं, आपल्या चादरीला व्यापारी नावाजायला लागले. आणि मग खंडेनवमी आली.

त्या दिवशी सगळे कारखाने धुऊनपुसून उघडे असतात. जो तो एकमेकांकडे जातो, मागांना हात जोडतो, चिरमुरे-पेढे खातो. मी ताट घेऊन उभी आहे आणि तुम्ही एकेका मागाची खोळ काढताय. मी हळूच म्हणाले, अप्पा, तेवढं झाकलेलं राहू द्या. तुम्ही सगळ्यांदेखत मला झापलंत.

"हत्यार झाकून पूजा करत्यात व्हय? लाव कुंकू. बगू दे की लोकान्ला."

लोकांनी बघितलं. काका तर चष्मा लावून, वाकून, चिरमुरे खात खात बघत होते. दिवाळीपर्यंत सगळ्या गल्लीत खटके बसले. मग चांगली चादर सगळ्यांकडेच निघायला लागली, मग प्रत्येकानं भाव थोडा खाली आणला, आणि गल्ली होती तिथंच येऊन बसली. फायदा झाला तो व्यापाऱ्याचा. तुम्ही पंधरा दिवस पान्याला हात लावला नाहीत, आणि सोळाव्या दिवशी तोच पाना घेऊन पुन्हा मागाखाली शिरलात. त्यानंतर तुम्ही आणखी तीन गोष्टी काढल्या आणि तिन्ही तशाच गेल्या. एकदा मी चिडून विचारलं, लोकांसाठीच करायचं तर करताच कशाला? तुम्ही हसलात.

"थांबलो तर ही लोकं खाऊन टाकतील की. न्हाय थांबलो तर नक्कल करतील. नक्कल बरी."

मला तो तुमचा भोळेपणा वाटला होता. खरं सांगायचं तर मूर्खपणाच वाटला होता. मी इंजिनिअर झाले ती त्या रागातून. ज्याच्याकडे झाकायला जागा आहे, वकील आहेत, कुलूप आहे, अशा ठिकाणी मला काम करायचं होतं. तशी जागा मिळालीही. शहराबाहेरची मोठी कंपनी, परदेशातल्या हॉटेलांना टॉवेल पाठवणारी. आमच्या खात्याच्या काचेच्या दारावर 'नवनिर्मिती' असं लिहिलंय. आत आम्ही वीस माणसं, थंडगार हवा, कॉफीचं मशीन. तुम्ही एकदा बघायला आला होतात आणि चपला दाराबाहेर काढल्या होत्या. मला तेव्हा लाज वाटली होती, आता तुमच्याऐवजी माझी वाटते. कारण त्या खोलीतून इतक्या वर्षांत मागावर चढलेलं एक काही मी तुम्हाला दाखवू शकत नाही. काही नवं सुचवलं की साहेब समजावतात, चालू माल जोरात खपतोय, त्याच्या पोटावर आपणच कशाला पाय द्यायचा? बरोबरीचं स्पर्धेला कुणी उरलेलंच नाही. एक होता, त्याच्याकडे चांगली कल्पना होती, त्याला कंपनीनं विकत घेतलं आणि वर्षाच्या आत त्याची ती कल्पना बंद केली. वीस शिकलेली माणसं मिळून आम्ही तक्ते रंगवतो. तुम्ही एकटे, सातवी पास, बोटांना काळं तेल, आणि दर दोन वर्षांनी काहीतरी चालवून दाखवायचात. मागे काका होते ना, टपून बसलेले. आमच्या मागे कुणी नाही.

आता त्या जोडणीचं. तुमचे कान तोवर गेलेच होते, चाळीस वर्षं त्या खडखडाटात उभं राहून. जुन्या टायरचं रबर आणि वाकवलेली पट्टी लावून तुम्ही धोट्याचा ठोका असा मऊ केलात की मागाशेजारी उभं राहून बोललेलं ऐकू यायला लागलं. दुसऱ्यांना. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून विचारत होतात, कमी झाला का ग आवाज? मी म्हणाले, ही मात्र गल्लीला दाखवायची नाही, ही मी कंपनीत नेते, तिथं कुणाला उचलता यायची नाही. तुम्ही चटकन हो म्हणालात. लेकीच्या शब्दाखातर तुम्ही आयुष्यात एकदाच काहीतरी झाकून ठेवलंत, आणि आपल्या मागावरची जोडणी काढून माझ्या हातात दिलीत. गल्लीला चार दिवस आवाज कमी झालेला तेवढा कळला होता.

कंपनीनं पेटंट घेतलं. शोधकाच्या रकान्यात माझं नाव गेलं. बाहेरच्या माणसाचं नाव घातलं तर कटकट होईल, असं साहेब म्हणाले, आणि मी फार ओढून धरलं नाही. कंपनीत धोट्याचे माग नाहीतच, ती जोडणी तिथं लागणार तरी कुठं? त्यांना वर्षाअखेरीला शोधांचा आकडा दाखवायचा होता, तो दाखवून झाला आणि ती कपाटात गेली. तुम्ही रोज विचारायचात, लागली का? मी मोठ्यानं सांगायचे, लागंल की अप्पा, मोठ्या ठिकाणी वेळ लागतो. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यातही विचारलंत. मी मान हलवली. तुम्हाला वाटलं, लागली.

काल काकांकडे बघून मला आधी बरंच वाटलं. त्यांचे चारच माग उरलेत, कामगार मिळत नाहीत, सून माग चालवते. तिला दोन वर्षांत कमी ऐकू यायला लागलंय, लेकरू रडलेलं कळत नाही म्हणे. मग म्हणाले, "तुझ्या अप्पानं काढल्यालं समदं आमी उचललं, पोरी. न्हाय कशाला म्हनू? पन त्यानंबी माझ्याकडचं तान्याच्या बीमचं ब्रेक उचललं हुतं. तसंच चालायचं आमचं." हे तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतंत. मी म्हणाले, काका, ती जोडणी आता कंपनीची आहे, कायदा आहे, मला देता येत नाही. त्यांनी कायद्याला मान दिला. उठताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले.

अप्पा, तो कायदा आता नाही. कंपनीनं दर वर्षीची फी भरायचं सोडून दिलं आणि तीन वर्षांपूर्वी ते पेटंट संपलं. कागद माझ्याच टेबलावरून गेला होता. आज ती जोडणी कुणीही करावी, कुणीही लावावी, आणि तिचं चित्र माझ्या घरात आहे. हे मला काल माहीत होतं, काका समोर बसले होते तेव्हाही. तुमची वस्तू त्यांच्या मागावर बसलेली मला बघवली नसती, एवढंच कारण. तुम्हाला हे पत्र पाठवायला पत्ता नाही. काकांचा कारखाना इथून दहा मिनिटांवर आहे, आणि मी अजून गेलेली नाही.