पानी

मंगळवार, तिसगाव

एखादी गोष्ट दुष्ट असूनही खरंच हसवत असेल, तर तिला चांगली म्हणायचं का? मला सांगता येत नाही.

रविवारी आमच्या वाचनालयात एका विनोदी नटाचा सत्कार आहे. त्याच्या टेलिफिल्म आणि दिवाळीच्या खास कार्यक्रमांतले तिथे दाखवायला उत्तम पाच निवडायचं काम माझ्याकडे आलं. चार ठरले. पाचव्यात तो खेड्यातली आई होऊन, लुगडं नेसून लेकीच्या कॉलेजात जातो आणि भेटेल त्या प्राध्यापकाला विचारतो, "पानी कुटं हाय?" त्या एका 'पानी'वर लोक हसून लोळतात. मोबाईलवर बघताना मीही हसले.

भाकरी थापता थापता आई वाकून बघत होती. "यात हसायचं काय हाय गं? पानीच तर मागती."

"पाणी म्हणतात, आई."

"मंग मी काय म्हनले?"

मी मोबाईल पालथा ठेवला. तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तव्याकडे बघत म्हणाली, "म्हंजी मला बी हसत असतील."

नाही म्हणायला हवं होतं. घरातली पहिली पदवीधर मी, बोलीवरून माणूस तोलू नये असं परवाच भाषणात म्हणाले होते. पण त्या क्षणी मला हॉलमध्ये पाहुण्यांना 'पानी' विचारणारी आईच दिसली.

यादी पाठवली. तो कार्यक्रम पहिला ठेवला, कारण तोच सर्वांत चांगला आहे.

जेवताना आईनं विचारलं, "रईवारी कंचं लुगडं नेसू?"

मी सांगितलं, घरच्यांना बोलावणं नाही. ती बरं म्हणाली. पत्रिकेवर 'सहकुटुंब' हा शब्द मीच घालून घेतला होता.