तळ्यापर्यंत पाच बाक

अहो,

नमस्कार. मी सुखरूप पोचले. वन्सं वेळेवर गोळ्या देतात ना? आणि तुम्ही कुरकुर न करता घेता ना?

डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली, तेव्हा "गाडीशिवाय डोंगर कसले बघायचे?" म्हणून तुम्ही रुसून बसलात. म्हटलं, आपणच जाऊन बघावं.

उद्यानाच्या फाटकापासून छोटी बस निघते आणि ढगांतून डुलत डुलत वर जाते. पायऱ्या दोनच. ड्रायव्हर म्हणाला, "आजी, सावकाश. डोंगर कुठे पळतोय?" आजी म्हणे, मेला! पण खरंच, इतकी वर्षं तुमच्या शेजारी बसून मी नुसती वळणंच पाहिली. डोंगर काल पाहिला.

थांब्यापासून तळ्यापर्यंत पाच बाक आहेत. मी मुद्दाम तुमच्या चालीने गेले, प्रत्येकावर टेकले. दम लागला नाही, तुम्हालाही लागणार नाही. शेवटच्या बाकापुढे पाणी इतकं निवांत, की डोंगर त्यात पाय सोडून बसल्यासारखा वाटतो. तासभर तशीच बसून होते. उठताना लक्षात आलं, मी गाडीतल्यासारखी डावीकडे सरकून बसले होते.

किल्ली अजून खिशातच असेल तुमच्या. ती वन्संकडे द्या. परवा तुम्हाला न्यायला येते.

उजवीकडची जागा धरून ठेवलेली,
तुमचीच