बॉनेटवरचं कासव

१४ डिसेंबर २००३

पुन्हा वाघ! दिवसभर रेडियमची वाघाची तोंडं कापली. जंगलात वाघ दिसत नाही म्हणून रडणाऱ्यांनी ब्रह्मपुरीच्या जीपस्टँडवर यावं, काचेकाचेवर बसलाय. भूपेशदादा म्हणतो, गिऱ्हाईक मागेल तेच कापायचं. दुकान त्याचं, ब्लेड माझं.

उरल्यासुरल्या तुकड्यांचं मी काहीबाही करत बसते. दादाच्या हेल्मेटवर बगळा. कॅरमबोर्डाच्या पाठीवर झिंगे. बाबांच्या मासे धरायच्या डोंग्यावर मासोळी चिकटवली तर म्हणाले, "मासोळ्याईले मासोळी दाखवून राह्यली का?" याला काय म्हणतात कोण जाणे. चित्रकला म्हणावी तर कागद नाही, दुकानदारी म्हणावी तर पैसे नाहीत.

२१ डिसेंबर

पवन आला होता. कुरखेड्याच्या पलीकडे जंगलात त्याचं गाव, तिथून इथवर जीपने सवारी आणतो. घरी त्याच्यासाठी पोरी पाहणं सुरू आहे, गाडी जरा सजव म्हणाला. मी वाघ काढायला घेतला तर थांबवलं. "वाघ नको. तुह्या मनाचं काढ."

माझ्या मनाचं! हे मला आजवर कोणी म्हटलेलं नाही. तीन चित्रं काढली — मासोळी, बगळा, कासव. त्याचं बोट सरळ कासवावर.

मग काय, अख्ख्या बॉनेटभर पिवळं कासव! पाठीच्या एकेका घरात स्टँडवरचं एकेक — चहाची किटली, पंक्चरवाल्याचा टायर, टपावरची कोंबड्यांची टोपली. हात दुखतोय. मजा आली.

२ जानेवारी २००४

एका म्हातारीने विचारलं, "कासववाली गाडी गेली का व बाई?" दिवसभर आनंदाने फुगून बसले.

१८ एप्रिल

काय झालं ते मला अजून नीट कळलेलं नाही. जेवढं ऐकलं तेवढं लिहिते.

पवनचे काका-मामा त्याच गाडीत पोरगी पाहायला गेले. पोरीचं नाव सोमारी. त्यांच्यात लग्न जुळवायचं तर आधी देव पाहतात. दोघांचे देव एक निघाले तर ते भाऊ-बहीण, लग्न नाही. ते सगळं आधीच विचारून झालं होतं, सगळं ठीक होतं. पण गाडी अंगणात थांबली आणि तिकडचा म्हातारा बॉनेटसमोर उभाच राहिला. कासव त्यांचं! त्यांच्या कुळाचं. ते कासवाला मारत नाहीत, हात जोडतात. म्हाताऱ्याला वाटलं, यांनी देव खोटा सांगितला, हे तर आपलेच भाऊ. पवनच्या काकांनी घाईघाईने सांगितलं, नाही हो, ते आमचं नाही, शोभेचं आहे.

तेव्हा म्हातारा म्हणाला, "कोनाचा देव शोभेचा अस्ते?"

कासवावर धूळ होती, शेण उडालेलं होतं. चहा न पाजताच परत पाठवलं.

२० एप्रिल

दादा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, आजपासून फक्त नावं अन् नंबर. चित्र एक बी नाही. तुकड्यांचा डबा उचलून घरी नेला.

मला कसं माहीत असणार? आमच्या तलावात कासव जाळ्यात येतं, बाबा शिव्या देत सोडवतात आणि पाण्यात सोडतात. मी लहानपणापासून कासव पाहते ते असं. पण म्हाताऱ्याचंही चूक वाटत नाही. मग चूक कोणाची? उलटसुलट करून पाहिलं. शेवटी माझ्यावरच येतं. सोमारी कशी असेल? तिने काय केलं असेल?

९ मे

पवनची गाडी आज कासव काढायला आली. काकांचा हुकूम. उन्हात रेडियम तापवून ब्लेडने अलगद सोललं, मग रॉकेलने पुसलं. पुसून मागे सरकले तर कासव तिथेच!

जुना लाल रंग उन्हाने विटलाय. रेडियमखालचा तेवढा नवा राहिलाय. किटली, टायर, टोपली, सगळं गडद लाल. मी घासत राहिले. रडू येत होतं. पवनला म्हटलं, चुकलं माझं, काकांना सांग, सोमारीच्या घरी मी येते, पाया पडते. त्याने पाणी मागितलं, घटाघट प्यायला. मग म्हणाला, "राहू दे." एवढंच. रागावला की नाही, तेही कळलं नाही. रागावलेला माणूस परक्याच्या दुकानात पाणी मागून पितो का?

१२ मे

नावं कापली. 'आई', 'आई-बाबा', 'आई'.

जेवण गेलं नाही. मला कासव सोडायचं नाहीये आणि कासवाची लाजही वाटते. दोन्ही एकाच वेळी कसं काय?

१६ मे

पवन आला. दादा चहाला गेलेला बघूनच आला असावा. म्हणाला, "मले मालूम होतं, कासव त्याईचं हाय ते."

मला आधी अर्थच लागला नाही.

सोमारीच्या घरचं बोलणं डिसेंबरातच सुरू झालं होतं आणि त्याला हे लग्न नको होतं. काकांपुढे तोंड उघडायची हिंमत नव्हती. वाटलं, कासव बघून ते यांना आपलेच भाऊ समजतील, हसतील, चहा पाजून परत पाठवतील. धुळीचा, शेणाचा विचारच केला नाही. काल एकटाच त्या म्हाताऱ्याकडे जाऊन आला, पायाशी बसून सगळं सांगून आला. आता माझ्या दादाला सांगायला थांबलाय, बाहेर, गाडीपाशी.

महिनाभर मी स्वतःला खाल्लं! ब्लेड फेकून मारावंसं वाटलं. लग्न काऊन नको होतं, एवढंच विचारलं.

तो म्हणाला, "तिनातलं कोनतंबी चित्र गाडीवर अस्तं, तरी मी तुह्यापाशीच आलो अस्तो."

दादा येतोय.