मामांचं लाकूड कुठलं?

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा भुशाने माखलेला साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामींना झोप लागते का? इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे, पण मामा, मी अजून हादरलेलाच आहे. घाईत लिहितोय म्हणून अक्षर असं आलंय, एरवी इतकं वाईट नसतं (तुम्ही म्हणाल, असतंच).

झालं असं, की शहरातल्या वाचनालयांची खरेदी बघणाऱ्या बाई आपल्या कारखान्यात आल्या. सगळ्या शाखांची कपाटं आणि खुर्च्या करायचं काम! ते मिळालं तर वर्षभर एकाही सुताराला घरी बसवायला नको, आणि नाही मिळालं तर निम्म्यांना बसवावं लागेल. बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, की जंगलासाठी तुम्ही काय करता? मी छाती फुगवून सांगितलं, आम्ही एकही झाड तोडत नाही. मग बसल्या होत्या त्या खुर्चीवर टकटक करून त्यांनी विचारलं, ही मग कशाची केलीत? धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

त्यावर बाई जे बोलल्या ते मी जन्मात ऐकलं नव्हतं. म्हणे, झाड तोडणं हे पाप नव्हेच! जंगल राखणारी माणसंही झाडं तोडतात, पण निवडून. कोवळी ठेवतात, ओढ्याकाठची ठेवतात, पक्ष्यांसाठी एखादं पोकळ म्हातारं खोडसुद्धा ठेवतात, आणि तिथं राहणाऱ्या लोकांना विचारल्याशिवाय कुऱ्हाड लावत नाहीत. साहजिकच असं लाकूड महाग पडतं. ते आपल्यासारख्या धंदेवाल्यांनी घेतलंच नाही तर राखणारा बुडतो आणि ओरबाडणारा मजेत राहतो. (इतकी वर्षं मी रंधा मारतोय, पण लाकूड तुमच्या वखारीतून येतं, यापलीकडे माझं ज्ञान नव्हतं.)

तेव्हा राखलेल्या जंगलाचं लाकूड मागवलं. बाईंची अट अशी, की ते आणि आपलं आधीचं (म्हणजे तुमचं) लाकूड एकमेकांत मिसळायचं नाही. नव्या फळ्यांच्या टोकांना हिरवा रंग द्यायचा, जुन्या कोऱ्या ठेवायच्या. आता आमचे थोरले मेव्हणे तुम्हाला ठाऊक आहेत. निवृत्त झाल्यापासून वहिनींनी त्यांना 'जरा मन रमायला' आमच्या कारखान्यात धाडलंय. त्या माणसाला अर्धवट काही बघवत नाही, परक्याच्या घरी तसबीर तिरकी दिसली तरी उठून सरळ करतात! निम्म्या फळ्या रंगवलेल्या आणि निम्म्या कोऱ्या बघून त्यांना वाटलं, पोरांनी कामचुकारपणा केला. त्यांनी उरलेल्या सगळ्या रंगवल्या. वर दोन्ही ढीग मोडून सगळ्या फळ्या लांबीप्रमाणे एकत्र रचल्या. अहो, रंगाचा एक थेंब खाली सांडला नाही! मला म्हणाले, आता कसं एकसारखं दिसतंय. मी त्यांच्या हातातला ब्रश काढून घेतला, आणि तेवढ्यात लाकूड वेगळं ठेवलंय का ते बघायला वाचनालयांचे तपासनीस दारात.

तपासनीस सगळीकडे हिरवंगार बघून इतके खूश झाले, की असा कारखाना मी पाहिलाच नाही म्हणाले, आणि सही करायला त्यांनी पेन काढलं. मी गप्प बसलो असतो तर काम खिशात होतं, मामा. सगळे सुतार हात थांबवून माझ्याकडे बघत होते. तुमची भाचेसूनही बघत होती (ते बघणं तुम्ही पाहिलेलं नाही, सुखी आहात). आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की साहेब, यातलं निम्मं हिरवं खोटं आहे. साहेबांनी आधी पाणी मागितलं. स्वतःचीच तक्रार करणारा माणूस त्यांना नोकरीत पहिल्यांदाच भेटला होता म्हणे.

पाणी पिऊन त्यांनी विचारलं, मग दुसरं लाकूड कुठलं? मी अभिमानाने सांगितलं, आमच्या मामांचं. ते म्हणाले, आणि मामा कुठून आणतात? तुमच्या चपलेचं माप मला ठाऊक, मामी कशाने चिडतात ते ठाऊक, पण तुमचं लाकूड कुठल्या जंगलातलं, ते ठाऊक नाही! या सगळ्यात मोठा धक्का मला हाच बसला, आणि वाईटही वाटलं.

तो अख्खा ढीग वाचनालयाच्या कामातून बाद झाला, महागाच्या फळ्यांसकट. काम मात्र मिळालं, एका अटीवर: ज्याचं जंगल सांगता येत नाही असं लाकूड यापुढे आत घ्यायचं नाही. मी हो म्हणालो.

मामींना नमस्कार सांगा. जिने चढू नका.

तुमचा,
भाचा

ता. क. मेव्हण्यांचं मन आमच्याकडे पुरेसं रमलं आहे. तुमच्या वखारीत रंगवण्यासारखं पुष्कळ असेल. पाठवू का?

ता. क. दुसरा: खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच. तुमचं लाकूड कुठल्या जंगलातलं, कोण तोडतं, आणि तोडल्यावर मागे काय उरतं, तेवढं कळवा. माहीत नसेल तर विचारून कळवा. उत्तर चांगलं असेल तर पहिलं गिऱ्हाईक मीच. रागावलात तरी उत्तर द्याच.

ता. क. तिसरा: हे पत्र आज लाकूड घेऊन आलेल्या तुमच्याच ट्रकच्या ड्रायव्हरबरोबर धाडतो आहे. त्याला पोटभर जेवू घातलंय. मामा, ट्रक भरलेलाच परत येतोय.