चौथी ठासणीची बंदूक मी का घेतली नाही

हेमलॉक रन,
११ जानेवारी

ती. एर्माताई हिस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे खुर्चीत बसूनच घातला आहे, पण पोचला असं धर). इकडे सगळं क्षेम. फर्नचा गुडघा थंडीने कुरकुरतो, पण फर्न त्याच्यापेक्षा जास्त कुरकुरते, तेव्हा काळजीचं कारण नाही. तुझा खोकला, तुझी मांजर आणि शेजारणीशी चाललेलं तुझं कुंपणाचं भांडण, या तिघांचीही प्रकृती कशी आहे ते कळव. फोन सोडून पत्र का लिहितो आहे असं तुला वाटेल. फोनवर मी एक वाक्य सुरू केलं की ते तू संपवतेस, आणि तू संपवलेलं माझ्या मनात नसतं. आजचं मला स्वतःच संपवायचं आहे.

तुला माहीतच आहे, गेली तीन वर्षं माझ्या हातून एक हरीण पडलेलं नाही. शिकारीच्या कॅम्पच्या भिंतीवर माझ्या शर्टांचे तीन सोगे खिळ्यांनी ठोकलेले आहेत. (नेम चुकला की शर्टाचा मागचा सोगा कापायचा ही चाल कोणी पाडली देव जाणे. त्या गृहस्थाचं शर्टांचं दुकान असणार.) फर्न आता शिकारीपुरते शर्ट चर्चच्या जुन्या कपड्यांतून आणते आणि कुठून कापायचं तिथे खडूने रेघ मारून देते. नवऱ्यावर एवढा विश्वास असणाऱ्या बायका हल्ली कमी राहिल्या आहेत.

पहिल्या वर्षी मी दोष दिला बाबांच्या बंदुकीला. पंचेचाळीस कॅलिबरची नळी, गोळी हरभऱ्याएवढी, चकमक झिजलेली. मी म्हणालो, अशा गोळीने हरणाला नुसती गुदगुली होते. मग शहरातल्या दुकानात जाऊन पन्नासची घेतली. एकेक बंदूक खांद्याला लावून, उतरवून, पुन्हा लावून मी दोन तास काढले, आणि फर्न गुरांच्या मिठाच्या पोत्यावर बसून विणत राहिली. दुकानातल्या बाईंनी मला दुर्बीण लावलेली, चकमक नसलेली नव्या धर्तीची बंदूक दाखवली. ऑक्टोबरच्या हंगामात चालते, म्हणाल्या, डोळे मिटून घ्या. (हे शब्द लक्षात ठेवायला हवे होते.) पण नाताळानंतरच्या हंगामात आपल्याकडे कायद्याने चकमकीचीच बंदूक चालते, आणि दुर्बिणीतून हरीण बघताना बाबा वरून काय म्हणतील याची मला धास्ती होती. म्हणून पन्नासचीच. ती चुकली. गेल्या वर्षी चोपन्नची, लांब नळीची, मेपलच्या दस्त्याची. दिसायला नवरीसारखी, आणि तीही चुकली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, तशी माझी तीन अंगणं झाली. फर्न म्हणाली, "आता तोफ घे, आणि हरणाला आधी पत्र टाक."

ताई, आता खरं सांगतो. बंदुका मी हरणासाठी घेत नव्हतो. बाबांचा आजार कसा सुरू झाला ते तुला आठवतं. आधी हरणं चुकायला लागली. मग कॉफी बशीत सांडायला लागली. मग गुंड्या, मग चमचा, आणि मग चार वर्षं तू. त्या वेळी बाबा होते त्रेसष्ट वर्षांचे. मी ऑगस्टात चौसष्टचा झालो. पहिलं हरीण चुकलं त्या दिवसापासून मी रोज सकाळी कप काठोकाठ भरून स्वयंपाकघरातून खिडकीपर्यंत नेऊन बघत होतो. सांडला नाही तरी समाधान नव्हतं. वाटायचं, आज नाही तर उद्या सांडेल. डॉक्टरकडे गेलो नाही. हात दाखवून अवलक्षण कशाला! बंदूक बदलणं त्यापेक्षा सोपं. बंदुकीचा दोष म्हटला की तो बंदुकीपाशी राहतो. ताई, मी फार घाबरलो होतो.

डिसेंबरात टायटस बॉम्बर्गरकडे गेलो, अठ्ठावन्नची नळी बनवून मागायला. टायटस म्हणजे आपल्या खोऱ्यातल्या सगळ्या चकमकींचा डॉक्टर. वय एकोणऐंशी, एक कान बंदुकांना वाहिलेला. तो म्हणाला, "बनवीन रे, पण आधी तू चुकतोस कसा ते मला बघू दे. शनिवारी ये." अग्निशमन दलाच्या मागच्या मैदानात शनिवारी नेमबाजीला सगळं गाव जमतं हे तुला सांगायला नको. चोपन्नची घेऊन मी उभा राहिलो आणि भरता भरता टायटसला अठ्ठावन्नच्या नळीचे गुण सांगू लागलो. गोळी जड, वाऱ्याला दाद देत नाही, वगैरे. कापडात गुंडाळून गोळी बसवली, गजाने ठासठासून खाली नेली, बाहेरच्या वाटीत चिमूटभर दारू टाकली, नेम धरला, चाप ओढला. वाटीत फुस्स झालं. पुढे काही नाही. बोलण्याच्या भरात नळीत दारू घालायचीच मी विसरलो होतो.

ही चूक आपल्याकडे जन्मात एकदा प्रत्येकाकडून होते आणि मरेपर्यंत सांगितली जाते. डोनटचा डबा आणायचा दंड असतो, तो मी मुकाट्याने कबूल केला. पण कोणी हसत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. आवाज नाही, धक्का नाही, दारूच्या धुराचा पडदा नाही, त्यामुळे नेहमी जे झाकलं जायचं ते त्या दिवशी गावाने उघड्यावर पाहिलं. माझी मान वळलेली, खांदा कानाला टेकलेला, नळी माझ्याच बुटांकडे, आणि डोळे गच्च मिटलेले.

"विल्मर," टायटस म्हणाला, "निशाण कुठे आहे?"

"समोर," मी म्हणालो.

"मग डोळे उघडून बघ की, आहे का ते."

मी त्याला बाजूला घेतलं आणि बाबांचं सगळं सांगितलं. तीन वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं. माझा हात पालथा करून त्यावर त्याने शिशाची एक गोळी ठेवली आणि स्वतः कॉफी पीत बसला. त्याची कॉफी संपली तरी गोळी जागची हलली नाही. "हाताला काही झालेलं नाही रे तुझ्या," तो म्हणाला. "तू भित्रा झालायस. तीन वर्षांपूर्वी तुझी भुवई जळली होती ना, तेव्हापासून." आणि खरंच, ताई, जळली होती! वाटीतली ठिणगी उडाली होती, फर्नने लोणी लावलं होतं, आणि मी ते साफ विसरून गेलो होतो. माझ्या डोळ्यांनी मात्र विसरायचं नाकारलं. मला आयुष्यात कोणी भित्रा म्हटल्याचा इतका आनंद झालेला नाही. मी त्या म्हाताऱ्याला मिठी मारली आणि डोळे पुसले. धूर गेला डोळ्यांत, म्हणालो. नळीत दारूच नव्हती तर धूर कुठून आला असं टायटसने विचारलं नाही. सभ्य माणूस आहे.

घरी येऊन फर्नला सांगितलं. ती भांडी विसळत होती. आधी हातातलं फडकं माझ्या तोंडावर आलं. मग ती म्हणाली, "तीन वर्षं माझ्या शेजारी झोपून एकटाच घाबरत होतास, मेल्या?" आणि रडली. मग तिनेच डॉक्टरांची वेळ घेतली, पण ती मिळाली नव्या वर्षात. तोवर टायटसच्या सांगण्यावरून मी रोज रिकाम्या नळीने, नुसती वाटी पेटवून, डोळे उघडे ठेवायचा सराव करत होतो. (पहिले चार दिवस कुत्रा माझ्याशी बोलत नव्हता.) डॉक्टरांनी मला कागदावर चकलीसारखं वर्तुळ काढायला लावलं, बोटं टिचकवायला लावली, व्हरांड्यात चालवलं, आणि म्हणाले की हात, पाय, डोकं, सगळं वयाच्या मानाने उत्तम आहे. रक्तदाब मात्र वर आहे, तेव्हा न्याहारीचे डुकराच्या मांसाचे तळलेले काप बंद. ताई, त्या बाबतीत मी अजून विचार करतो आहे.

पण हरणाचं राहिलंच. सत्तावीस तारखेला वरच्या झऱ्याशी बर्फात एक मादी माझ्यापासून चाळीस पावलांवर आली. मी बाबांचीच जुनी पंचेचाळीसची नेली होती. नेम धरला, चाप ओढला, फुस्स झालं, धडाम झालं, आणि डोळे उघडे! गोळी तिच्या पाठीवरून वीतभर वर गेली. मागची हेमलॉकची डहाळी मोडून पडली, ती मी पडताना पाहिली. मादीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि ती निघून गेली. असा नेम चुकल्यावर माणसाने हसू नये, पण मी तिथेच बर्फात बसून पोट धरून हसलो. चौथा सोगा भिंतीवर लागला आहे. फर्नने आखलेल्या रेघेवरच कापला.

एवढंच कळवायचं होतं. प्रकृतीला जप, शेजारणीला सोडू नकोस. लोभ आहेच, तो भांडून वाढव.

तुझा,
विल्मर

ता. क. : पन्नासची आणि चोपन्नची विकायची आहेत. तुझ्या जावयाला हवी असेल तर विचार. दोन्ही अगदी नव्या आहेत, त्यांच्याकडून आजवर एका जिवाला इजा झालेली नाही.

ता. क. : वर "एवढंच कळवायचं होतं" लिहिलं ते खोटं आहे. नाताळच्या जेवणात तू डावा हात पहिल्यापासून शेवटपर्यंत एप्रनच्या खिशात ठेवला होतास. बटाटे फर्नला वाढायला सांगितलेस, कॉफी नको म्हणालीस. तू, आणि कॉफी नको! कोणाच्या लक्षात आलं नाही, पण मी या लपवाछपवीत तीन वर्षं काढली आहेत. त्याच डॉक्टरांकडे मंगळवारी साडेदहाची वेळ तुझ्या नावाने घेतली आहे. फोनवर सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून हे पत्र. कदाचित तुझंही हसण्यासारखंच काही निघेल. न निघालं तर ऐक. बाबांना तू भरवत होतीस तेव्हा मी दर रविवारी यायचो, मांसाचं पुडकं टेबलावर ठेवायचो आणि पळायचो. या वेळी पळणार नाही. सूप थोडं सांडेन, तू ओरडशील, चालेल. नऊ वाजता गाडी घेऊन फाटकाशी येतो. हात खिशात ठेवायचा असला तर ठेव, पण गाडीत बस.